आभासी शहरातली गर्दी: एजंट चालतात कसे, आणि त्याहून महत्त्वाचं, थांबतात कुठे

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने दादर स्टेशनचा पश्चिमेकडचा पूल, त्याचे जिने आणि खालचा फूलबाजाराचा रस्ता युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये उभा केला आहे. नॅव्हमेश, म्हणजे चालता येईल अशा जागेचा नकाशा, तयार करून त्यावर २००० एजंट, म्हणजे आभासी माणसं, सोडले आहेत. पण सगळे एका साच्यातून काढल्यासारखे चालतात, जिन्याच्या तोंडाशी थरथरत अडकून बसतात आणि काही केल्या दादरची गर्दी वाटत नाहीत. त्याला विचारायचं आहे की कोणता अल्गोरिदम घेतला तर हे सुटेल.

मी गेली सोळा वर्षं पादचाऱ्यांच्या सिम्युलेशनचंच काम करते. स्टेशनं, देवस्थानं, स्टेडियमचे दरवाजे. त्यामुळे सरळ सांगते, तुमची अडचण अल्गोरिदमची थोडी आहे आणि निरीक्षणाची जास्त. अल्गोरिदम बदलून थरथर जाईल, पण दादर येणार नाही. दादर येण्यासाठी माणसं कुठे, का आणि किती वेळ थांबतात हे मॉडेलमध्ये आणावं लागेल. दोन्हींबद्दल लिहिते.

आधी युनिटीतली इन्स्पेक्टर ही सेटिंगची खिडकी उघडून दोन आकडे बघा. युनिटीत नवा नॅव्हमेश एजंट घेतला की त्याची त्रिज्या ०.५ मीटर आणि वेग सेकंदाला ३.५ मीटर असतो. बहुतेक विद्यार्थी हे आकडे तसेच ठेवतात. सेकंदाला ३.५ मीटर म्हणजे ताशी साडेबारा किलोमीटर, म्हणजे माणसाचं धावणं. मोकळ्या वाटेवर माणूस सरासरी १.३४ मीटर प्रति सेकंद चालतो आणि माणसामाणसांतला फरक (स्टँडर्ड डेव्हिएशन) साधारण ०.२६ इतका असतो. हेलबिंग आणि मोल्नार यांनी १९९५ मध्ये सोशल फोर्स मॉडेल मांडलं, त्यात हेच आकडे आहेत. प्रत्येक एजंटला जन्मतानाच या वितरणातून वेगळा वेग द्या. आजी, शाळेचं दप्तर घेतलेला मुलगा, डोक्यावर झेंडूची पाटी घेतलेला माणूस हे एका वेगाने चालत नाहीत. एवढ्या एका बदलाने साचेबंदपणा निम्मा कमी होईल.

त्रिज्येचा आकडा जास्त गंभीर आहे. एकाच मापाची वर्तुळं कितीही दाटीने बसवली तरी ती जागेचा सुमारे ९१ टक्के भागच व्यापतात, मधल्या फटी राहतातच. ०.५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ ०.७९ चौरस मीटर. म्हणजे तुमच्या पुलावर, काहीही केलं तरी, चौरस मीटरला सव्वा माणूससुद्धा मावणार नाही. त्रिज्या ०.३ केली तर जेमतेम ३.२ माणसं, ०.२५ केली तर ४.६. आता गर्दीच्या वेळची लोकल आठवा. रेल्वेच्या भाषेत त्या अवस्थेला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ म्हणतात आणि तिथे चौरस मीटरला १४ ते १६ उभी माणसं धरली जातात. म्हणजे तुमच्या मॉडेलला मुंबईची गर्दी दाखवायला भूमितीच परवानगी देत नाही. जिन्याच्या तोंडाशी एजंट अडकतात ते याच कारणाने. त्यांना तिथे जागाच नाही आणि पुढे जायची आज्ञा तर कायम आहे.

माणूस वरून पाहिला तर गोल नसतो, खांद्यांच्या दिशेने रुंद आणि छातीपाठीच्या दिशेने अरुंद असतो. जॉन फ्रुइन यांनी १९७१ च्या आपल्या पुस्तकात माणसाच्या शरीरासाठी १८ बाय २४ इंचांचा लंबवर्तुळ धरला होता, कपड्यांची आणि थोड्या हलण्याची जागा धरून. तुम्ही तीन छोटी वर्तुळं शेजारी शेजारी जोडा, मधलं धडाचं आणि दोन बाजूंना खांदे. मग एजंटला आडवं वळून दोघांच्या मधून सरकता येतं. आपल्याकडे पुलावर प्रत्येक जण दर काही पावलांनी हे करत असतो. गोल एजंट हे कधीच करू शकत नाही, म्हणून तो परका दिसतो.

आता चालण्याच्या नियमांकडे. इथे चार वाटा आहेत आणि प्रत्येकीचं माझं मत देते.

पहिली क्रेग रेनॉल्ड्सच्या बॉइड्सची, १९८७ ची. शेजाऱ्यापासून अंतर ठेव, शेजाऱ्याची दिशा धर, घोळक्याच्या मध्याकडे सरक, या तीन नियमांतून पक्ष्यांचा थवा पडद्यावर उभा राहिला आणि आपलं सगळं क्षेत्र तिथून सुरू झालं. पण माणसांच्या रस्त्यासाठी ते वापरू नका. पक्ष्यांना थव्यासोबत जायचं असतं. दादरला शेजारच्या माणसाला तुमच्यासोबत कुठेही जायचं नसतं, त्याला कुर्ल्याची गाडी पकडायची असते.

दुसरी सोशल फोर्सची. कल्पना साधी आहे: प्रत्येक माणसाला एक इच्छित वेग आणि दिशा असते, ती गाठायला तो अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ घेतो, आणि इतर माणसं व भिंती त्याला दूर ढकलतात. हा दुराव्याचा जोर अंतरासोबत झपाट्याने कमी होत जातो. समोरच्यांचा प्रभाव जास्त, पाठीमागच्यांचा कमी. एवढ्यावर विरुद्ध दिशांनी येणाऱ्या माणसांच्या रांगा आपोआप वेगळ्या होतात, कोणी सांगावं लागत नाही. २००० मध्ये हेलबिंग, फार्कश आणि विचेक यांनी यात प्रत्यक्ष अंगाला अंग लागल्यावरचा दाब आणि घर्षण घातलं. दाट गर्दीसाठी मी आजही यापासूनच सुरुवात करते. मात्र दाबाचे स्थिरांक फार मोठे असतात, त्यामुळे गणनेची पायरी लहान लागते, सेकंदाचा शंभरावा भाग किंवा त्याहूनही कमी. तुम्ही हे युनिटीच्या दर फ्रेमला एकदा चालणाऱ्या अपडेटमध्ये, सेकंदाला ६० फ्रेमच्या हिशेबाने चालवलंत तर एजंट एका पायरीत शेजाऱ्याच्या अंगात घुसतो, पुढच्या पायरीत उसळून बाहेर फेकला जातो आणि पडद्यावर थरथर दिसते. एका फ्रेममध्ये गणनेच्या तीन-चार पायऱ्या करा.

तिसरी वेगांच्या अडथळ्यांची: कोणत्या वेगाने गेलं तर टक्कर होईल ते आधी काढायचं आणि ते वेग टाळायचे. फिओरिनी आणि शिलर यांनी १९९८ मध्ये रोबोंसाठी मांडलेली कल्पना, व्हॅन डेन बर्ग, लिन आणि मनोचा यांनी २००८ मध्ये ‘टक्कर टाळायची जबाबदारी दोघांनी अर्धी-अर्धी घ्यायची’ असं करून गर्दीला लावली. पुढे तिचंच ओर्का हे रूप आलं. युनिटीच्या नॅव्हमेश एजंटचं टक्कर टाळणंही याच जातीचं आहे. मोकळ्या चौकात, मॉलमध्ये, विमानतळावर ते सुंदर दिसतं. पण दाटी वाढली की टक्कर न होणारा एकही वेग उरत नाही. मग एजंट कमीत कमी वाईट वेग निवडत राहतो आणि तो दर फ्रेमला बदलतो. तुमच्या जिन्यावर हेच चाललं आहे. या पद्धतीचं मूळ गृहीतकच असं की स्पर्श होऊ नये. सकाळी नऊ वाजता दादरच्या पुलावर स्पर्श न होता चालणारा माणूस मी पाहिलेला नाही.

चौथी वाट मला अलीकडे सर्वांत पटते. २०१४ मध्ये कारामूझास, स्किनर आणि गाय यांनी माणसांच्या चालण्याच्या नोंदी तपासल्या. त्यांना दिसलं की माणूस अंतरावर प्रतिसाद देत नाही, टक्कर व्हायला उरलेल्या वेळावर देतो, आणि हा वेळ जितका कमी तितका प्रतिसाद वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. शेजारून समांतर चालणारा माणूस हाताच्या अंतरावर असला तरी त्रास देत नाही. समोरून येणारा पाच मीटरवर असतानाच आपण खांदा वळवतो. अनुभवाशी हे ताबडतोब जुळतं.

तुम्हाला माझा सल्ला असा: पुलाबाहेरच्या रस्त्यावर टकरीला उरलेल्या वेळाचं मॉडेल, आणि दाटी चौरस मीटरला तीन-साडेतीनच्या वर गेली की सोशल फोर्सचा स्पर्श आणि दाब. दोन्हींना एकमेकांत हळूहळू मिसळा, एकदम बटण दाबल्यासारखा बदल करू नका. मार्ग शोधण्यासाठी दर एजंटचा वेगळा ए-स्टार (सर्वांत जवळची वाट काढणारा अल्गोरिदम) चालवू नका. तुमच्याकडे मुक्कामाची ठिकाणं दहा-बाराच असतील: फलाट, जिने, रस्त्याची तोंडं. प्रत्येक ठिकाणापासून एकदाच उलट दिशेने अंतराचा नकाशा काढा आणि सगळ्यांना त्यावरून उतारावरच्या पाण्यासारखं वाहू द्या. २००० एजंटांत जोड्याच जवळपास २० लाख होतात. त्या सगळ्या तपासू नका, दोन-दोन मीटरच्या चौकटी पाडा आणि फक्त शेजारच्या चौकटींत बघा. वेगाचा प्रश्न इथेच मिटतो.

इथवरचं कोणीही सांगेल. आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

प्रभादेवी स्टेशनचं नाव तेव्हा एल्फिन्स्टन रोड होतं. २९ सप्टेंबर २०१७, दसऱ्याचा आदला दिवस, सकाळची कार्यालयीन वेळ. अचानक जोराचा पाऊस आला. एल्फिन्स्टन आणि परळ या दोन स्टेशनांना जोडणाऱ्या पुलावरून उतरणारी माणसं जिन्याच्या तोंडाशी, छपराखाली थांबली. भिजायचं नव्हतं, एवढंच. मागून गाड्या येत राहिल्या आणि प्रत्येक गाडी पुलावर आणखी माणसं आणून सोडत राहिली. त्या जिन्यावर २३ माणसं गेली. ‘फूल पडलं’ हे कोणीतरी ‘पूल पडला’ असं ऐकलं, अशी वाचलेल्या एका मुलीची हकीकत तेव्हा वृत्तपत्रांत आली होती. लोक ती अफवा लक्षात ठेवतात. माझ्या लेखी मूळ गोष्ट त्या आधीच घडून गेली होती, कारण माणसं थांबली होती आणि येणं थांबलं नव्हतं.

याचं गणित कागदावर करून बघा. आकडे समजा म्हणून घेतलेत, त्या पुलाचे नाहीत. तीन मीटर रुंद जिना. जिन्यावरून मीटरभर रुंदीतून सेकंदाला साधारण एक माणूस जातो, तोही जिना पूर्ण वापरात असताना. म्हणजे मिनिटाला १८० आणि तीन मिनिटांत ५४०. दर तीन मिनिटांनी एक गाडी येते आणि त्या जिन्याकडे ६०० माणसं पाठवते. प्रत्येक गाडीमागे ६० माणसं शिल्लक राहतात, थोडी कुरकुर होते, पण मध्ये एखादी गाडी उशिरा आली की निचरा होतो. आता पावसामुळे जिन्याच्या तोंडाची निम्मी रुंदी थांबलेल्या माणसांनी अडवली. तीन मिनिटांत २७० च बाहेर पडतात, ३३० शिल्लक. पूल ४० मीटर लांब, ३ मीटर रुंद, म्हणजे १२० चौरस मीटर. दोन गाड्यांनंतर पुलावर ६६० माणसं, चौरस मीटरला साडेपाच. तिसऱ्या गाडीनंतर सव्वाआठ. चौरस मीटरला सातच्या आसपास गर्दी द्रवासारखी वागू लागते, हे फ्रुइन यांनीच नोंदवून ठेवलं आहे. तिथे माणसाचे पाय त्याच्या मर्जीने हलत नाहीत आणि मागचा एक धक्का लाटेसारखा पुढे जातो. नऊ मिनिटांत आपण तिथे पोचलो. या हिशेबात कोणी धावलं नाही, कोणी घाबरलं नाही, कोणी अफवा ऐकली नाही.

आपल्या भाषेतला शब्द इथे फार नेमका आहे. इंग्रजीतून आलेला ‘स्टॅम्पीड’ उधळलेल्या जनावरांचं चित्र उभं करतो, पळणारे आणि तुडवणारे. आपण म्हणतो चेंगराचेंगरी. चेंगरणं म्हणजे दोन्हीकडून दाबलं जाणं. बहुतेक ठिकाणी माणसं तुडवली जाऊन मरत नाहीत, छातीवरच्या दाबाने श्वास घेता न आल्याने मरतात, अनेकदा उभ्याउभ्या. १२ जानेवारी २००६ ला हज यात्रेत मक्केजवळच्या मीना इथल्या जमरात पुलाच्या तोंडाशी जी चेंगराचेंगरी झाली तिचं चित्रण हेलबिंग, योहान्सन आणि अल-आबिदीन यांनी नंतर तपासलं. आधी सलग प्रवाह, मग थांबत-चालत जाणाऱ्या लाटा, मग कुठल्याही दिशेने हेलकावणारी गर्दी, अशा तीन अवस्था त्यांना दिसल्या. २४ जुलै २०१० ला जर्मनीत डुइसबर्गच्या लव्ह परेड या संगीत महोत्सवात उतारावर २१ जण गेले. २९ ऑक्टोबर २०२२ ला सोलच्या इटेवॉनच्या उतरत्या गल्लीत १५९. या जागा एकमेकींपासून कितीही दूर असल्या तरी चित्र सारखं आहे: येण्याचा ओघ जास्त, जाण्याची वाट अडलेली, आणि मागच्याला पुढचं काहीच दिसत नाही.

म्हणून तुमच्या एजंटांत ‘पॅनिक’ नावाचा स्विच ठेवू नका, कितीही मोह झाला तरी. परीक्षकांना तो आवडतो, कारण लाल रंगाचे एजंट सैरावैरा पळताना दिसतात. ससेक्स विद्यापीठाचे जॉन ड्र्युरी आणि त्यांच्यासोबतच्या मानसशास्त्रज्ञांनी आपत्तीतून वाचलेल्यांशी बोलून वर्षानुवर्षं हेच दाखवलं आहे की माणसं संकटात बऱ्याचदा एकमेकांना सावरतात, वाट देतात, अनोळखी माणसाचा हात धरतात. स्विचऐवजी प्रत्येक एजंटला काय माहीत आहे याची मर्यादा घाला. विरळ गर्दीत त्याला ३० मीटर पुढचं दिसतं, दाट गर्दीत पुढच्या दोन पाठी. जिन्याच्या तोंडाशी वाट बंद आहे ही बातमी मागे पोचायला वेळ लागू द्या, एका एजंटकडून शेजाऱ्याकडे, तीही काही जणांकडूनच. एवढं केलंत की मागून येणारा दाब आपोआप तयार होईल. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा पडद्याकडे बघवत नव्हतं. एकही एजंट वाईट वागत नव्हता.

आता थांबण्याची यादी. ती तुम्हाला स्टेशनवर उभं राहून करावी लागेल, मी फक्त कुठे बघायचं ते सांगते. इंडिकेटरखाली माणसं मान वर करून थांबतात, आणि पुलावरून फलाट दिसू लागतो तिथेही, गाडी लागली आहे का ते बघायला. फलाट बदलल्याची घोषणा झाली की चाललेला प्रवाह एकदम अर्धा वळतो आणि ते वळण जिन्याच्या मध्यावरच होतं. जिना संपतो त्या शेवटच्या पायरीवर माणूस क्षणभर थांबतो: छत्री उघडायला, फोन बाहेर काढायला, डावीकडे की उजवीकडे ते ठरवायला. हा एक सेकंद फार महाग असतो, कारण तो सगळ्यांत अरुंद जागी खर्च होतो. फूलबाजारात गिऱ्हाईक थांबतं, त्याच्याभोवती वळसा घालणारे थबकतात, आणि दोन विक्रेत्यांमधली वाट एका माणसाएवढीच उरते.

प्रत्येक एजंटला अवस्था द्या: चालतोय, शोधतोय, थांबलाय, वाट बघतोय. थांबण्याचा वेळ सगळ्यांना सरासरी देऊ नका. बहुतेक जण दोन-चार सेकंद थांबतात आणि मोजके दहा मिनिटं. वितरणाची ती लांब शेपटीच वाट अडवते. एक तांत्रिक सूचना: थांबलेल्या एजंटला वाटेतला अडथळा करायचं असेल तर त्याच्यावरचा नॅव्हमेश एजंट बंद करून मग ऑब्स्टॅकल चालू करा. दोन्ही एकदम चालू राहिले तर तो स्वतःलाच टाळायला बघतो. आणि अव्हॉयडन्स प्रायॉरिटी, म्हणजे कोणी कोणाला वाट द्यायची ते ठरवणारा आकडा, सगळ्यांची ५० ठेवू नका. शून्य म्हणजे सर्वांत महत्त्वाचा. पाटीवाल्याला खालचा आकडा द्या, बघा लोक कसे बाजूला होतात. ‘बाजू, बाजू’ अशी हाक त्या आकड्यात मावते.

गाड्यांची लय तर अजिबात विसरू नका. तुम्ही बहुधा दर सेकंदाला ठरावीक एजंट सोडत असाल. लोकलचं स्टेशन तसं नसतं, ते उसळीने भरतं आणि ओसरतं. शिवाय उतरणारे फलाटभर सारखे पसरलेले नसतात. उतरायच्या स्टेशनला पूल कुठे येतो हे मुंबईकराला पाठ असतं आणि तो चढतानाच त्या डब्यात चढतो. त्यामुळे जिन्यासमोरच्या दोन-तीन डब्यांतून बाकी डब्यांच्या मानाने कितीतरी जास्त माणसं त्या जिन्याकडे वळतात. गाडीच्या लांबीवर सारखे एजंट पसरलेत तर जिन्यावरची उसळी खूपच सपाट दिसेल आणि तुमचा पूल खोटाच सुरक्षित ठरेल. उसळी आली की चढणारे जिन्याची पूर्ण रुंदी घेतात आणि उतरणारे एकेरी रांगेत कठड्याला चिकटतात. हे दृश्य तुम्ही कोडमध्ये लिहू नका, ते नियमांतून आपोआप यायला हवं. नाही आलं तर काहीतरी चुकलं आहे.

माणसं एकटी चालत नाहीत, हेही. फ्रान्समधल्या तुलूज शहरात मूसाईद आणि सहकाऱ्यांनी नोंदी घेतल्या, तेव्हा बाजाराच्या रस्त्यावर सुटीच्या गर्दीत ७० टक्क्यांपर्यंत लोक कोणासोबत तरी चालत होते. तिघं असले की मधला किंचित मागे राहून व्ही आकार होतो, म्हणजे एकमेकांकडे बघत बोलता येतं. आपल्याकडे याच्या जोडीला हात धरलेली साखळी असते: पुढे बाप, मग आई, मग मुलं. ही साखळी दाटीत तुटत नाही, ती सगळ्या प्रवाहाला आडवी येते, आणि तुटली तर आई उलट्या दिशेने वळते. सणासुदीच्या दिवशीचं सिम्युलेशन करताना या एका गोष्टीने प्रवाह किती बदलतो ते करून बघा. सकाळी नऊच्या दादरला मात्र गट कमी ठेवा, तेव्हा बहुतेक जण एकटे असतात.

शेवटची आणि मला सर्वांत जवळची गोष्ट म्हणजे मोजणी. परदेशी पुस्तकातले आकडे घालून दादर उभं राहत नाही. आयआयटी कानपूर आणि जर्मनीतल्या युलिश संशोधन केंद्राच्या लोकांनी २००९ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. दोन्ही देशांत माणसांना बंद वळणाच्या वाटेवर एकामागोमाग चालवलं आणि दाटी वाढवत नेली. भारतीयांना लागणारी कमीत कमी जागा जर्मनांपेक्षा कमी निघाली आणि दाटी वाढली तरी भारतीयांचा वेग तुलनेने कमी घसरला. म्हणजे दाटी आणि वेग यांचा आलेख, ज्यावर आमचं सगळं शास्त्र उभं आहे, तोच माणसांच्या सवयीप्रमाणे बदलतो. एकट्या रांगेचा प्रयोग जिन्याला लावता येत नाही, म्हणून तुमचा आलेख तुम्हालाच काढावा लागेल.

कसा काढायचा? हातात मावणारा टॅली काउंटर घ्या, दोनेकशे रुपयांना मिळतो. स्टेशनवर चित्रीकरण करायचं तर आधी रेल्वेची परवानगी काढा, नसेल तर हाताने मोजा. मीही अशीच शिकले. पायरीची एक कड ठरवा आणि दर दहा सेकंदांना किती जण ती ओलांडतात ते लिहा, वर जाणारे आणि खाली येणारे वेगळे. मैत्रिणीला किंवा मित्राला वरच्या टोकाला उभं करा आणि लाल टोपी, पिवळी पिशवी असं ओळखू येणारं माणूस पकडून त्याला जिना चढायला किती सेकंद लागले ते मोजा. तीन सकाळी, प्रत्येकी पाऊण तास. यात कोणाचा चेहरा, नाव, काहीही नोंदवू नका, त्याची गरज नाही. मग तुमच्या मॉडेलमध्ये तीच कड आखा, तेच मोजा आणि दोन आलेख शेजारी ठेवा. एकदाच चालवून निष्कर्ष काढू नका. वेगवेगळ्या रँडम सीडने (यादृच्छिक आकड्यांच्या वेगळ्या सुरुवातीने) किमान तीस वेळा चालवा आणि सगळ्यांत वाईट पाच वेळा काय झालं ते आधी बघा. पूल सरासरी दिवशी पडत नाही.

हे इतकं निक्षून सांगते त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या ठिकाणच्या बाहेर पडण्याच्या वाटांचं काम मी करत होते. नाव सांगत नाही. आराखड्यात दोन वाटा जिथे मिळत होत्या तिथे नकाशावर धोकादायक दाटी दाखवणारा लाल डाग येत होता. काम देणाऱ्यांकडून निरोप आला की एजंटची त्रिज्या थोडी कमी करून बघा. त्रिज्या ०.२५ वरून ०.१८ केली की डाग नाहीसा होत होता, सादरीकरण देखणं होत होतं आणि कोणालाच काही कळलं नसतं. मी नाही म्हटलं. ते काम पुढे दुसऱ्या कोणाकडे गेलं. त्या मिळण्याच्या जागेचं पुढे काय झालं हे विचारायला मी दोनदा गेले, दोन्ही वेळा उत्तर मिळालं नाही. तेव्हापासून माझ्या प्रत्येक अहवालाच्या पहिल्या पानावर शरीराचं माप, वेगाचं वितरण आणि मोजणीच्या तारखा असतात. तुमच्या प्रकल्पाच्या पहिल्या पानावरही ठेवा. परीक्षकांनी विचारलं नाही तरी.

साधनांबद्दल दोन वाक्यं. युनिटीत सगळं स्वतः लिहिण्यापेक्षा चालण्याची गणना युलिशच्याच ज्युपेडसिम या पादचारी सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये करा, ते मुक्त आहे आणि पायथनमधून चालतं. म्युनिचचं व्हाडेरेही मुक्त आहे आणि त्यात अनेक मॉडेल शेजारी ठेवून तुलना करता येते. तिथून प्रत्येक एजंटच्या जागेची नोंद फाइलमध्ये काढा आणि युनिटीत फक्त ती नोंद वाजवा. चालण्याचं अ‍ॅनिमेशन प्रत्यक्ष वेगाशी जुळवायला विसरू नका, नाहीतर पाय बर्फावरून घसरल्यासारखे दिसतात आणि बघणाऱ्याचा विश्वास तिथेच उडतो.

या आठवड्यात २००० एजंट बाजूला ठेवा. एकच जिना घ्या, एकच गाडी, ३०० माणसं. आधी कोरडा दिवस चालवा. मग जिन्याच्या तोंडाशी चाळीस जण पावसासाठी थांबवा आणि दुसरी गाडी येऊ द्या. दर दहा सेकंदांचे ओलांडणाऱ्यांचे आकडे आणि तुमची हाताने केलेली मोजणी दोन्ही मला पाठवा. जिथे आलेख फुटेल तिथून पुढे बोलू.